चाळीस दिवसांचं ऑपरेशन

मावळात मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं असतं. डॉक्टर असं सांगत नाहीत, घर ठरवतं. आजोबांना बांधावरून येणारा माणूस ओळखू येईनासा होतो ज्येष्ठातच. आजी भाद्रपदात तांदूळ निवडताना खडे ठेवून तांदूळ टाकायला लागते. तरी उत्तर ठरलेलं: भात घरात येऊ दे, दिवाळी होऊ दे, मग बघू. नेत्रतपासणी शिबिराच्या यादीत नाव लिहिलेलं असतं, तारीख मिळालेली असते, आणि न्यायला बस येते तेव्हा यादीतली माणसं खाचरात असतात.

या पुढं ढकलण्याला शहरात अडाणीपणा म्हणतात. मला त्यात हिशोब दिसतो. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं हे आता आंदर मावळातल्या शेवटच्या वाडीतही माहीत आहे. फुकट होतं हेही माहीत आहे. घराला धास्ती असते ती नंतरच्या महिना-सव्वा महिन्याची. थेंब कोण घालणार? चुलीपुढं कोण बसणार? गुरांचं कोण बघणार? पुन्हा तपासायला पुण्याला कोण घेऊन जाणार? या प्रश्नांची उत्तरं दिवाळीनंतर, कामं सरल्यावरच मिळतात, म्हणून ऑपरेशनही तेव्हाच.

सरकारी कागदावर, संस्थेच्या अहवालात आणि गावातल्या फ्लेक्सवर मोजली जाते ती शस्त्रक्रिया. अमुक शिबिरात इतके डोळे. त्यानंतरचे चाळीस दिवस कुणाच्याच आकड्यात नसतात. ते सुनेच्या, नाहीतर सातवीतल्या नातवाच्या अंगावर पडतात. ऑपरेशन टेबलावर संपत नाही, ते चाळिसाव्या दिवशी संपतं. एवढं धरून चाललं तर मोफत शिबिरांची मांडणीच बदलावी लागेल, आणि ती बदलायला हवी.

उन्हाळ्यात ऑपरेशन नको, घामानं डोळा पिकतो, या समजाला एके काळी आधार होता. तेव्हा भिंग काढायला बुबुळाच्या कडेनं अर्धा गोल चिरावं लागे आणि ती जखम टाक्यांनी शिवत. रुग्णाला आठवडाभर उताणं निजवत, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. काढलेल्या भिंगाच्या जागी काही बसवत नसत, त्यामुळे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्माला चिकटे. त्यातून वस्तू मोठी आणि जवळ दिसे, म्हणून म्हातारी माणसं पायरी चुकत. ज्यांनी आपल्या आजोबांना असं पाहिलंय त्यांच्या मनातली धास्ती एका पत्रकानं जाणार नाही.

आणि हे पथ्य त्याहून कितीतरी जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सतराव्या अध्यायात शलाकेनं मोतीबिंदू बाजूला सारण्याची क्रिया सांगितली आहे. तिथं नंतरच्या काळजीकडे जितकं लक्ष दिलंय ते पाहून मी थक्क झालो. डोळ्याला तूप लावून पट्टी बांधायची. धूळ आणि धूर नसलेल्या घरात रुग्णाला उताणं झोपवायचं. त्यानं ढेकर, खोकला, शिंक, थुंकणं, अंग हलवणं टाळायचं. दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून काढ्यानं डोळा धुवायचा, आणि हे सगळं दहा दिवस. ती शस्त्रक्रिया आता कालबाह्य आणि धोक्याची ठरली आहे. पण धूळ, धूर, डोक्याला बसणारे झटके आणि ठरल्या दिवशी पुन्हा बघणं या चार गोष्टी आजच्या कार्डावरही जवळजवळ तशाच छापलेल्या असतात.

आजची पद्धत वेगळी. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते, तरी त्या विशिष्ट प्लास्टिकमुळे डोळा सुजत नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून भारतातच भिंगं बनवायला घेतली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली. आता फेको पद्धतीत तीन मिलिमीटरहून लहान छेद घेतात. शिबिरांतून बहुतेक वेळा होते ती लहान छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया, आणि तिचा छेद साधारण सहा-सात मिलिमीटरचा. तो तिरका, बोगद्यासारखा घेतलेला असतो. डोळ्याच्या आतल्या दाबानंच त्याची आतली झडप मिटून राहते.

हे शेवटचं वाक्य घरच्यांना समजावलं पाहिजे. बाकीच्या सूचना त्यातून आपोआप निघतात. जखमेला टाका नाही, ती नुसती मिटलेली आहे. डोळा चोळला की झडप उघडू शकते. हंडा उचलताना, शौचाला कुंथताना, खोकल्याची उबळ आली की ताण पडतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे वजन उचलायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, खोकला असेल तर ऑपरेशनआधीच त्यावर औषध घ्यायचं. रात्री झोपेत हात जातो, म्हणून प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटपट्टीनं डोळ्यावर लावायची. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, कारण न्हाणीतलं साबणाचं पाणी त्या फटीशी पोचतं. कारण कळलं की माणसं पथ्य पाळतात. नुसता 'नाही, नाही'चा पाढा वाचला तर मनानं दोन पाळतात आणि दोन सोडतात, आणि सोडलेली दोन नेमकी महत्त्वाची निघतात.

मावळातल्या घरांत जे पथ्य सर्वांत कसोशीनं पाळलं जातं ते खाण्याचं. डाळ खायची नाही, पू होतो. आंबट नको, वांगं नको, कुठं कुठं भातही नको. ज्या तालुक्यातल्या वडगावच्या संशोधन केंद्रानं इंद्रायणी तांदूळ दिला, तिथं डोळ्याचं ऑपरेशन झालेली आजी पंधरा दिवस कोरडी भाकरी चावत बसते. याला काडीचा आधार नाही. डाळ-भात, अंडं, पालेभाजी सगळं खावं. जखम भरायला तेच लागतं, आणि मधुमेह असलेल्यांनी उपाशी राहणं तर घातकच. टीव्ही पाहिल्यानं, पोथी वाचल्यानं भिंग हलत नाही. खाण्याच्या पथ्यात सगळ्या घराची शक्ती खर्च होते, आणि थेंब घालण्याआधी हात साबणानं धुवायचं राहून जातं.

थेंबांबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण चाळीस दिवसांचं सगळं गणित तिथं बिघडतं.

साधारणपणे दोन औषधं असतात. एक जंतू मारणारं, आठवडा-दोन आठवड्यांचं. दुसरं सूज उतरवणारं, स्टेरॉइडचं, आणि ते हळूहळू कमी करत न्यायचं. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं करत सहाव्या आठवड्यात एकदा. अनेक ठिकाणी हाच तक्ता देतात. आता हिशोब करा. सहा आठवड्यांचे थेंब होतात एकशे सत्तेचाळीस. छोटी बाटली पाच मिलिलिटरची, आणि एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले तर बाटलीत शंभरेक. म्हणजे एकही थेंब वाया न घालवता सगळं बिनचूक केलं तरी बाटली तिसऱ्या आठवड्यातच तळ गाठते. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात थेंब घालताना तर दोन गालावर पडतात तेव्हा एक आत जातो. बाटली पाच-सहा दिवसांत संपली तरी नवल नाही.

आणि बाटली संपली की औषध संपलं असं घर समजतं. त्यात घराची काय चूक? तापाच्या गोळ्यांची पट्टी संपली की औषध संपतंच. शिबिरातून एकच बाटली हातात मिळाली असेल आणि दुसरी आणायची आहे हे कुणी बोटानं दाखवून सांगितलं नसेल, तर डोळा लाल नाही, दुखत नाही, दिसतंय छान, मग कशाला? स्टेरॉइडचे थेंब मध्येच तोडले की दबलेली सूज पुन्हा उसळू शकते. माझा आग्रह साधा आहे: सहा आठवड्यांचा तक्ता दिला तर सहा आठवड्यांच्या बाटल्या द्या. ऑपरेशनच्या खर्चात ही रक्कम अगदी किरकोळ आहे.

याच्या उलट टोकाची चूक अधिक भयंकर. थेंब घातले की बरं वाटतं, खाज थांबते, लाली जाते. मग बाटली खिशात ठेवून औषधाच्या दुकानात दाखवायची आणि तीच पुन्हा मागायची. महिनोन्महिने हे चालतं. स्टेरॉइडनं काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि तो वाढताना काही कळत नाही, दुखत नाही. दृष्टीची नस सुकत जाते, आणि मोतीबिंदूतून वाचलेला डोळा काचबिंदूत जातो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. औषध विकणाऱ्यांनी अशी बाटली चिठ्ठीशिवाय देऊ नये, आणि घरच्यांनी तारीख उलटल्यावर ती मागू नये.

थेंब घालायची रीत एकदा नीट दाखवली की आयुष्यभर पुरते. हात धुवायचे. बाटली पांढुरक्या, गढूळ औषधाची असेल तर आधी हलवायची, नाहीतर औषध तळाशी राहतं आणि नुसतं पाणी डोळ्यात जातं. माणसाला खाटेवर उताणं निजवायचं, खालची पापणी बोटानं ओढून तयार होणाऱ्या खळग्यात एकच थेंब सोडायचा. डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा धड नसते, दुसरा गालावरूनच ओघळतो. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच-दहा मिनिटांनी. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहायची, आणि महिन्यानंतर ती टाकून द्यायची.

हे सगळं करणार कोण, हा खरा पेच. संधिवातानं बोटं वाकलेल्या माणसाला ती बाटली दाबताही येत नाही. मुलगा तळेगाव नाहीतर चाकणच्या कंपनीत पाळीवर. सून सकाळी डबे करून शेतावर किंवा लोणावळ्यातल्या बंगल्यावर कामाला. सकाळचे दोन थेंब होतात, रात्रीचे दोन होतात, मधले चुकतात. शाळेतून आलेलं नातवंड मात्र हे काम मन लावून करतं. भिंतीवर चौकटी आखून दिल्या तर प्रत्येक थेंबाला फुली मारतं. चित्रांचा तक्ता, त्यात सूर्य, जेवणाचं ताट आणि चंद्र, हे छापील सूचनांच्या पानापेक्षा फार उपयोगी पडतं. आशाताईंच्या रोजच्या फेरीत या घरांचा एक फेरा जोडला गेला तर सोन्याहून पिवळं. पण त्यासाठी कोणत्या घरातल्या कुणाचा डोळा कोणत्या तारखेला झाला, ही यादी रुग्णालयानं त्यांच्या हाती द्यायला हवी.

आता मावळचं वर्ष समोर ठेवा आणि त्यावर हे चाळीस दिवस ठेवून बघा.

भातकापणी आणि झोडणीच्या दिवसांत खळ्यावर तूस आणि बारीक कूस उडत असते. भाताचं कुसळ नुसत्या डोळ्यालाही वाईट. त्यानं बुबुळावर ओरखडा उठला की बुरशीची जखम होऊ शकते आणि ती महिनोन्महिने पिडते. ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यानं खळ्यावर जाणं म्हणजे संकट ओढवून घेणं. दिवाळीत अभ्यंगस्नान असतं, तेल आणि उटणं डोळ्यात उतरतं, अंगणात फटाके असतात. तेव्हा दिवाळी टाळण्याचा घरचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्याही चांगलाच ठरतो. मार्गशीर्ष, पौष, माघ हे महिने त्यातल्या त्यात निवांत, हवा कोरडी, वाट सुकी. फाल्गुनात होळीचा धूर आणि रंग. पुढं चैत्रात एकवीरेची यात्रा, कार्ल्याच्या पायऱ्यांवर गर्दीची रेटारेटी. गुलाल डोळ्यात जाण्याइतकं वाईट थोडंच काही असेल, आणि आपल्याकडे लग्नापासून ग्रामपंचायतीच्या निकालापर्यंत तो उधळला जातोच.

चैत्र-वैशाखात राब भाजतात. शेणकूट, पाला, कवळं रचून पेटवलं की शिवार दिवसभर धुरकटतं आणि राख उडते. त्यानंतर पाऊस. आवणीत दिवसभर कमरेत वाकून चिखलात रोपं लावायची, आणि घामाचा हात नकळत डोळ्याकडे जाणार. नेमकी त्याच सुमारास देहूहून पालखी निघते. मोतीबिंदू झालेला वारकरी वारी चुकवायला तयार नसतो आणि त्यानं ती चुकवावी असं मीही म्हणणार नाही. त्यानं ऑपरेशन वारीच्या दोन महिने आधी तरी उरकावं किंवा वारीहून आल्यावर करावं. वाटेतली धूळ, मुक्कामाची गर्दी आणि चंद्रभागेचं स्नान हे ओल्या जखमेला झेपत नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग वर्षात तीनच महिने उरले. तसं नाही. आजची शस्त्रक्रिया बाराही महिने करता येते, पावसाळ्यातही. घरातल्या दुसऱ्या कुणी शेताचं काम अंगावर घेतलं आणि धूर-पाण्यापासून जपलं, तर श्रावणातलं ऑपरेशन तितकंच चांगलं होतं. वाट बघण्यालाही किंमत असते. मोतीबिंदू फार पिकला की भिंग दगडासारखं होतं, शस्त्रक्रिया अवघड जाते, कधी आतच फुगून दाब वाढतो आणि डोळा ठणकायला लागतो. आणि नजर अधू झालेलं माणूस शेवाळलेल्या अंगणात पडून खुबा मोडून घेतं, ते वेगळंच. तेव्हा हंगाम बघून तारीख घ्यावी, पण एकदा घेतली की पुढं ढकलू नये.

लोणावळ्याची गोष्ट थोडी निराळी. तिथं शेतीपेक्षा हॉटेलच्या भट्ट्या, चिक्कीचे कारखाने आणि बंगल्यांची राखण करणारी माणसं. गुळाच्या पाकासमोर आठ तास उभं राहणाऱ्या बाईला निदान दोन-तीन आठवड्यांची रजा लागते, आणि ती रोजंदारीवर असते. तिच्यासाठी मोफत ऑपरेशन मोफत उरत नाही. शिबिरांच्या आखणीत ही बुडालेली मजुरी कुणी मोजताना दिसत नाही. दुसरीकडे मुंबई-पुण्याहून येऊन इथं राहिलेले निवृत्त लोक, त्यांची अडचण त्याहून वेगळी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं, तेव्हापासून योग या गावात मुरलेला आहे. सत्तरीतही रोज शीर्षासन करणारे लोक इथं भेटतात. त्यांनी हे लक्षात ठेवावं: डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब चांगलाच वाढतो. शीर्षासन, सर्वांगासन, जोरकस कपालभाती आणि जलनेती हे सारं महिनाभर तरी बंद, आणि पुन्हा सुरू करायचं ते डोळ्याच्या डॉक्टरांना विचारूनच. फिरायला जावं, शांत बसून श्वास बघावा, त्यानं काही बिघडत नाही.

धोक्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. ऑपरेशननंतर पहिले एक-दोन दिवस डोळा थोडा खुपतो, पाणी येतं, वाळू गेल्यासारखं वाटतं. हे कमी कमी होत गेलं पाहिजे. ज्या डोळ्याला काल बरं दिसत होतं त्याला आज कमी दिसतंय, ठणका वाढतोय, लाली वाढतेय, चिपडं येताहेत, पापणी सुजलीय, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तो बहुधा पहिल्या आठवड्यातच डोकं वर काढतो, आणि तिथं काही तासही मोलाचे असतात. डोळ्याच्या आतच औषधाचं इंजेक्शन द्यावं लागतं. 'उद्या बघू', 'गुलाबपाणी घालू', 'मध घालून बघू' यात डोळा जातो. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके नाचू लागले, विजा चमकल्यासारख्या वाटल्या, कडेनं पडदा सरकत आला, तर आतला पडदा सुटत असू शकतो. तेही तातडीचंच.

डोळ्याच्या आतला संसर्ग क्वचित होतो, हजारांत एखाद्याला किंवा त्याहून कमी. पण झाला की सारा दोष रुग्णावर ढकलायची आपल्याकडे सवय आहे. पाणी लावलं असेल, शेतात गेला असेल. हे नेहमी खरं नसतं. संसर्गाचे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात, म्हणून ऑपरेशनआधी पोविडोन आयोडिन डोळ्यात घालणं फार महत्त्वाचं. आणि एकाच दिवशी एकाच ठिकाणच्या अनेकांना संसर्ग होतो तेव्हा दोष शस्त्रक्रियागृहातल्या द्रावणात, उपकरणांत किंवा स्वच्छतेत शोधायचा असतो. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या सात जणांना संसर्ग झाला आणि त्यातल्या पाच जणांची त्या डोळ्याची दृष्टी गेली. ती माणसं महानगरात होती, दुसरं मोठं रुग्णालय हाकेच्या अंतरावर होतं, तरीही. तुंग किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला तिसऱ्या रात्री डोळा ठणकू लागला तर तो पहाटेपर्यंत कुठं पोचणार?

अंतराचा प्रश्न एका चांगल्या सुधारणेतूनच वाढला आहे. पूर्वी शाळेच्या वर्गात, मंडपात ऑपरेशनं होत. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प राबवला गेला. त्या सुमारास धोरण बदललं: शस्त्रक्रिया पक्क्या शस्त्रक्रियागृहातच करायची, गावात फक्त तपासणी. हे अगदी योग्य झालं. त्यामुळे शिबिर म्हणजे आता गावात तपासायचं, बसमध्ये बसवून पुण्याला न्यायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून परत आणून सोडायचं. पुणे अंधजन मंडळाचं हडपसरजवळ महंमदवाडीला असलेलं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय हे अशा कामाचं मोठं केंद्र. मावळातच तळेगावला १९९५ साली सुरू झालेल्या मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जायला बस मिळते. आठव्या आणि चाळिसाव्या दिवशी मात्र आपलं आपण जायचं. पवनानगरहून जीपनं कामशेत, तिथून लोकल, पुण्यात उतरून पुन्हा बस. दुपारी लोकलच्या फेऱ्या विरळ, म्हणजे तपासणी पंधरा मिनिटांची आणि दिवस दोन माणसांचा.

म्हणून माणसं परत येत नाहीत. हे फक्त मावळात घडत नाही. २०१३ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये नॅथन काँग्डन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या दहा देशांतल्या चाळीस केंद्रांवरचा. रुग्ण परत येत नाहीत, मग रुग्णालयाचं काम चांगलं की वाईट हे कसं ठरवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं मिळालं की ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत मोजलेली नजरही त्या रुग्णालयाच्या दर्जाचा पुरेसा अंदाज देते. रुग्णालयाला आपलं काम तपासायला याचा उपयोग आहे. एकेका माणसाला मात्र त्याचा आधार नाही. सरासरी चांगली असली तरी माझ्या आजीच्या डोळ्यात सूज आहे की नाही हे सरासरी सांगत नाही.

आणि ही सूज फसवी असते. काही जणांच्या, विशेषतः मधुमेह असलेल्यांच्या डोळ्यात मागच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साठतं, आणि तेही बहुधा चार ते सहा आठवड्यांनी. पहिल्या दिवशी स्वच्छ दिसत होतं, महिन्यानं पुन्हा धूसर. घरात म्हणतात, भिंग चांगलं बसवलं नाही. खरं तर वेळेवर कळलं तर थेंबांनी बहुतेकांची सूज उतरते. चाळिसाव्या दिवसाची भेट यासाठी असते, दाब मोजण्यासाठी असते आणि चष्म्याच्या नंबरासाठी असते. छेद भरून डोळ्याचा आकार स्थिरावल्याखेरीज नंबर पक्का होत नाही. लहान छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर थोडा तिरका नंबर राहतोच. तो चष्मा घेतला नाही तर मोतीबिंदू निघूनही माणूस अर्धंच बघत राहतो आणि शेजाऱ्याला सांगतो, करून काही फरक पडला नाही. गावातल्या पुढच्या दहा जणांचं ऑपरेशन त्या एका वाक्यानं लांबतं.

२०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वाची कारणं तपासली गेली. ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूचं ऑपरेशन न झाल्यामुळे होतं, हे अपेक्षितच. पण ७.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे होतं. म्हणजे अंध झालेल्या साधारण चौदा जणांत एक असा, जो टेबलापर्यंत पोचला होता. २०१७ साली राज्यानं मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्राची मोहीम जाहीर केली, शस्त्रक्रियांचे आकडे वाढवण्यावर जोर दिला. आकडे हवेतच. पण या चौदाव्या माणसासाठीही एखादा रकाना हवा.

मावळापुरतं बोलायचं तर मार्ग फार लांबचा नाही. तालुक्यात सरकारी रुग्णालय आहे, टाकवे, येळसे, खडकाळे, कार्ला इथं प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. आरोग्य खात्यात नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद आहे, आणि नजर तपासणं, लाली-सूज ओळखणं, दाब मोजणं, नंबर काढणं हे त्यांचंच काम. ज्या संस्थेनं बस पाठवली तिनं आठव्या आणि चाळिसाव्या दिवशी रुग्णांना बोलावण्याऐवजी आपला माणूस आणि नंबर काढायचं यंत्र कामशेतला किंवा पवनानगरला बाजाराच्या दिवशी पाठवावं. बाजाराला माणसं येतातच. चष्मा बनवून पुढच्या बाजाराला हातात द्यावा. ज्यांच्या डोळ्यात खरंच काही वेगळं दिसेल तेवढ्यांनाच पुण्याला न्यावं, आणि नेताना गाडीनं न्यावं. कार्डावर रात्री उचलला जाईल असा फोन नंबर मोठ्या अक्षरात छापावा. देणगीदारांनी संस्थेला किती डोळे केले एवढंच न विचारता किती डोळे चाळिसाव्या दिवशी पुन्हा पाहिले हेही विचारावं. पैसा देणाऱ्यानं प्रश्न बदलला की काम बदलतं.

बायकांचा दुसरा डोळा हा या सगळ्यात मागं पडणारा विषय आहे. पुरुषाचे दोन्ही डोळे होतात. बाईचा एक झाला, चुलीपुरतं दिसायला लागलं, की दुसऱ्याची गोष्ट निघत नाही. तीही काढत नाही, कारण पहिल्या वेळी आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला हे तिच्या मनात असतं. चाळिसाव्या दिवशी नंबर काढताना त्याच बैठकीत दुसऱ्या डोळ्याची तारीख लिहून घेतली तर ती बोलायची वाट बघावी लागत नाही.

चाळीस दिवसांनंतरची एक गोष्ट सांगायची राहिली, कारण तिच्यामुळे पुष्कळ लोक उगाच खचतात. ऑपरेशननंतर दोन-चार वर्षांनी पुन्हा धुरकट दिसायला लागतं आणि गावात म्हणतात, मोतीबिंदू परत आला. मोतीबिंदू परत येत नाही. भिंग ज्या पातळ पिशवीत बसवलेलं असतं तिची मागची बाजू काही जणांत गढूळ होते. तिला लेझरनं मधोमध एक झरोका पाडतात. कापाकापी नाही, भरती व्हायचं नाही. यंत्रासमोर हनुवटी टेकवून पाच-दहा मिनिटं बसायचं. नंतर पट्टी नसते, न्हायला मनाई नसते, थेंब दिलेच तर थोडे दिवस. त्याच दिवशी संध्याकाळच्या लोकलनं माणूस कामशेतला परत येतो.